शहाण्णव पट्ट्यांचा कान

तोच तंबोरा तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा जुबेदा शिकलगारनं गवसणी उघडायचीही तसदी घेतली नाही. धारवाडच्या गायिकेनं सोबत चिठ्ठी पाठवली होती: 'जवारी बंद आहे. आपली तब्येत बरी आहे ना?' पहिलं वाक्य तिनं सोसलं असतं. दुसरं फार झोंबलं.

चौतीस वर्षं ती मिरजेत हे एकच काम करत आली होती. भोपळा कुणी कोरायचा, दांडी कुणी बसवायची, नक्षी कुणी काढायची, हे गल्लीत वाटून गेलेलं होतं. शेवटी घोडीवर कानस फिरवून तंबोऱ्याला बोलतं करायचं, म्हणजे जवारी काढायची, हे जुबेदाकडं. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा ते ऐकायचे आणि ती घासायची. असं सात वर्षं चाललं आणि मग ऐकणंही तिच्याकडं आलं. बाईमाणसानं जवारी काढायची म्हणून सुरुवातीला गल्लीतल्या चार जणांनी नाकं मुरडली. नंतर तेच चार जण आपापले तंबोरे घेऊन तिच्या दारात बसू लागले.

ज्यांनी तंबोरा नुसता फोटोत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात तिची पाठ सपाट नसते, किंचित उतरती असते. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. टेकण्याची जागा सारखी सरकत राहते आणि त्यामुळं मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक जागे होतात. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा जो गुंजारव ऐकू येतो तो हाच. उतार केसभर जरी चुकला तरी तार नुसती टण्ण वाजते. मग तिच्याखाली सुती दोरा कितीही पुढंमागं सरकवा, काही होत नाही.

जुबेदानं अखेर गवसणी काढली, तंबोरा मांडीवर घेतला आणि छेडला. चारही तारा स्वच्छ वाजल्या. फारच स्वच्छ वाजल्या. इतक्या, की तिला पहिल्यांदाच शंका आली की हात बरोबर असेल आणि कानच खोटं बोलत असेल.

कान तसा तिचा स्वतःचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वरातून ती वाचली, पण दोन्ही कान गेले. तिचा मुलगा इम्तियाज सांगलीत 'श्राव्या' नावाच्या कंपनीच्या केंद्रात तंत्रज्ञ होता. लोकांना नवे कान बसवून देणं हेच त्याचं काम. त्यानं दहा ठिकाणी अर्ज करून, स्वतः हमीदार राहून आईच्या उजव्या बाजूला नवा कान बसवला. पहिलं दीड वर्ष काम बरं चाललं. मग दिवाळीत त्या कानाची प्रणाली परस्पर बदलली गेली आणि तंबोरे परत यायला लागले.

रविवारी इम्तियाज घरी आला तेव्हा तिनं त्याला समोर बसवलं. मायलेकांचं बोलणं घरच्या दख्खनीत झालं. इथं ते मराठीत दिलं आहे.

"हे काय बसवलंयस माझ्या डोक्यात, ते आज नीट सांग," ती म्हणाली. "लहान पोराला सांगतात तसं नको."

इम्तियाजनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला शंख काढला. "कानाच्या आत अशी नळी असते. तिच्यात केसांसारख्या पेशी असतात. त्या तुझ्या तापात मेल्या, पण त्यांच्यामागची नस जिवंत राहिली. त्या नसेच्या पेशींना आम्ही उजेड ओळखायला शिकवतो. तसं औषध असतं. आणि नळीत शहाण्णव बारीक दिवे बसवतो. कानामागच्या डबीत माइक आहे आणि एक छोटा संगणक. तो आवाजाचे शहाण्णव पट्टे पाडतो, खर्जापासून तार सप्तकापर्यंत. ज्या पट्ट्यात आवाज असेल तो दिवा लागतो, आणि तुला ऐकू येतं."

"कुठला दिवा लावायचा ते कोण ठरवतं?"

"सुबोध. म्हणजे त्या संगणकाची कार्यप्रणाली. तीच सगळा कारभार बघते."

"आणि माझी जवारी?"

इम्तियाज पेन्सिलीशी खेळत राहिला. "दिवाळीपासून सुबोध ती गाळतो, अम्मी. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो त्याच्या मते बिनकामाचा. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर. माणूस तुटक बोलतो, म्हणून बोलणं तेवढं तो ठेवतो."

"म्हणजे तंबोरा पंखा झाला."

"त्याच्या दृष्टीनं."

"मग त्याला सांग की."

"त्याला कुणी काही सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. कंपनीचं कुलूप आहे." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "तू आता हे काम सोड ना. लोकांशी बोलता येतंय, बाजारात जाता येतंय. एवढं पुरे नाही का?"

हे तो अगदी शांतपणे बोलला. तो हल्ली नेहमीच शांतपणे बोलायचा. जुबेदाला मात्र कुणीतरी हातातली कानस काढून घेतल्यासारखं वाटलं. तिनं त्याला जेवण वाढलं, पण स्वतः जेवली नाही.

त्या आठवड्यात सुनंदा मगदूम आपला तंबोरा घेऊन आल्या. जयसिंगपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि आता जैन बस्तीतल्या भजनी मंडळात त्या तंबोरा धरायच्या. जुबेदानं घोडी घासून तार छेडली. मगदूमबाईंनी मान हलवली.

"घुमत नाही ओ, भाभी."

"तुमाला कसं कळलं?" जुबेदानं विचारलं, कारण मगदूमबाईंच्या कानामागंही तशीच डबी होती. "तुमचाबी कान दिव्याचाच हाय न्हवं?"

"कान दिव्याचाच आहे. पण त्यात सुबोध नाही. मी काढून टाकलाय की त्याला, चार वर्षं झाली."

"काढता येतो?"

"कंपनी नाही म्हणते. त्यामुळंच तर काढला."

त्यांनी सांगितलं ते असं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून या कानासाठी एक निराळी प्रणाली लिहिली होती. तिला कुलूप नव्हतं. मराठी येणाऱ्या काही जणांनी तिचे सगळे हुकूम मराठीत आणले होते आणि तिला 'पाटी' असं नाव दिलं होतं. एकदा पाटी घातली की कंपनी आपली सेवा बंद करायची, दुरुस्ती नाही की सुटे भाग नाहीत. दिव्यांचं आयुष्य आठ-नऊ वर्षं. त्यानंतर अल्ला मालिक.

"मला शिकवाल?" जुबेदानं विचारलं.

"शिकवीन. पण मी एक्स्चेंजात पोरींना शिकवलंय, मी ओरडते."

"ओरडा. आमचे सासरे कानस फेकून मारत होते."

मगदूमबाईंनी जुना लॅपटॉप आणला. जुबेदाला संगणक ठाऊक होता तो सगळ्या दुनियेला ठाऊक होता तसा. आपण तोंड उघडायच्या आत तो विचारायचा, 'तुम्हाला हे हवं आहे का?' आणि बहुतेक वेळा ते आपल्याला हवंच असायचं, किंवा नंतर हवंसं वाटायचं. इथं काळा पडदा आला. डाव्या कोपऱ्यात एक उभी रेघ लुकलुकत होती. जुबेदा वाट बघत बसली. पाच मिनिटं गेली.

"बंद पडलंय," ती म्हणाली.

"बंद नाही. ते तुमची वाट बघतंय."

"काय करू म्हून?"

"तेच तर. ते काही सुचवणार नाही. तुम्ही सांगेपर्यंत गप्प बसणार."

जुबेदानं एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाइप केलं: जरा पट्टे दाखवता का. खाली उत्तर उमटलं: 'जरा' हा हुकूम मला माहीत नाही.

तिला राग आला. एवढ्या अदबीनं विचारलं आणि वर हे ऐकून घ्यायचं. मगदूमबाई हसल्या. "त्याला अदब कळत नाही, भाभी, आणि अपमानबी कळत नाही. हुकूम आधी, मग वस्तू, मग आकडा. मधे जागा सोडायची. 'दाखव पट्टे.' बस."

दाखव पट्टे. पडद्यावर एकाखाली एक शहाण्णव ओळी सरसरत गेल्या. प्रत्येकीपुढं एक आकडा. हा आपल्या कानाचा नकाशा आहे हे कळल्यावर जुबेदा कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. दोन वर्षं हे तिच्या डोक्यात होतं आणि कुणी तिला दाखवलं नव्हतं.

तीन आठवडे शिकवणी चालली. पाटीमध्ये एक सरावाचा कान होता. त्यात काही केलं तरी खऱ्या कानाला धक्का लागत नसे. 'चढव' म्हटलं की पट्टा वर, 'उतरव' म्हटलं की खाली. 'गाळणी' म्हणजे आवाज चाळणारा भाग, तो चालूही ठेवता येई आणि बंदही. जुबेदा अक्षर चुकायची, जागा सोडायला विसरायची, भलताच पट्टा उतरवायची. पाटी प्रत्येक वेळी तिच्या तोंडावर सांगायची की हे मला कळलं नाही. मगदूमबाई ओरडायच्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कुणी असं बोललं की ती सहसा उठून जाते. जुबेदा रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसत राहिली, आणि एका दिवशी तिच्या लक्षात आलं की पाटीवर तिचा आता राग नाही. चूक झाली तर ती चूक म्हणून सांगते, आणि बरोबर असेल ते मुकाट करते. एवढ्या सरळ वागणुकीचं यंत्र तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात तिनं खऱ्या कानात पाटी घातली. पंधरा मिनिटं पूर्ण बहिरेपण, मग एक टिचकीसारखा आवाज, आणि मग मगदूमबाईंचा खरखरीत घसा. त्या दिवशी गाळणी चालूच ठेवायची असं ठरलं.

आणि दुसऱ्या दिवशी जुबेदानं ती चूक केली, जी मिरजेच्या बाहेर कुणी केली नसती.

या गल्लीत शिकायचं म्हणजे काय, ते तिला एकाच रीतीनं ठाऊक होतं. कानशीचा एक हात शंभरदा फिरवायचा. गाणारे एक पलटा शंभरदा घोटतात, तसं. सरावाच्या कानावर ती रोज तेच करायची. एकच हुकूम पानभर गिरवायची, हात बसावा म्हणून. त्या सकाळीही ती स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली आणि गिरवू लागली: चढव पट्टा ८१ १. चढव पट्टा ८१ १. चढव पट्टा ८१ १. पाटीनं एकदाही विचारलं नाही की बाई, नक्की का. तिनं प्रत्येक वेळी पट्टा एकानं चढवला. घरात शांतता होती, वरच्या पट्टीतला आवाज कुठलाच नव्हता, त्यामुळं जुबेदाला काही जाणवलं नाही. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या वेळी शेगडीवरच्या कुकरची शिट्टी झाली.

ती पुढं वाकली ती दोन्ही हात डोक्याला लावून. लॅपटॉप आपटता आपटता वाचला. पाटीला वरची हद्द घातलेली होती म्हणून नसेला इजा झाली नाही, एवढंच. मगदूमबाई रिक्षानं आल्या, पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि ओरडायच्याऐवजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"रियाज केलात? खऱ्या कानावर?"

"मग कशावर करू? सरावाला काय चूल येगळी मांडायची?" जुबेदा तणतणली. "आता हे गेलंच न्हवं बिघडून? चाळीस कानशी मारल्यागत झालं."

"लिहा. 'परत ४०'."

तिनं लिहिलं. क्षणात सगळं पूर्वीच्या जागी आलं. जुबेदानं कुकर पुन्हा वाजवून बघितला. शिट्टी शिट्टीएवढीच होती.

"घासलेलं परत येतं?" तिनं विचारलं.

"येतं की."

चौतीस वर्षांत तिच्या हातून जे हाड घासलं गेलं ते कधी परत आलं नव्हतं. जवारी काढणारा माणूस सगळा जन्म हात आखडून काम करतो. एक ओढ जास्त झाली तर घोडी वाया, म्हणून तो नेहमी जरा आधीच थांबतो. इथं पुढं जाऊन बघता येत होतं. चुकून बघता येत होतं. त्या दुपारी जुबेदा सासऱ्यांच्या वेळचा, जवारी शाबूत असलेला घरचा तंबोरा घेऊन बसली आणि तिनं मनात होतं ते सगळं एकदम केलं. पहिला हुकूम: गाळणी बंद.

दुनिया आत घुसली. पंखा, शेजारची मोटर, रस्त्यावरचा भंगारवाला, तिच्या स्वतःच्या बांगड्या, स्वतःचा श्वास. इतकं सगळं असतं हे ती विसरली होती. तिनं तार छेडली आणि पट्टे चढवत-उतरवत गेली, हव्या त्या जागेच्या पलीकडं जाऊन अलीकडं येत, 'परत' म्हणत, पुन्हा जात. चाळीस ते साठ यांमधल्या पट्ट्यांत काहीतरी सळसळलं. तिथं तिनं एकेक आकडा हलवला. चार वाजायच्या सुमारास खर्जाची तार बोलली. पोटातून गंधार निघाला, त्याच्या वर आणखी काही, आणि ते सगळं घुमत खोलीभर पसरलं. जुबेदा रडली. आवाज करून रडली, आणि तो आवाजही तिला नीट ऐकू आला. संध्याकाळपर्यंत धारवाडच्या तंबोऱ्याची घोडी तिनं दुरुस्त केली आणि दोरा घातला.

फुकट काही मिळत नाही, तसं हेही मिळालं नाही. गाळणी गेल्यावर माणसांचं बोलणं गोंगाटात बुडायला लागलं. बाजारात दोनदोनदा विचारावं लागायचं. पुढच्या रविवारी इम्तियाज जेवायला बसला आणि तिनं तिसऱ्यांदा "काय?" म्हटल्यावर त्याचा घास हातातच राहिला. तो तज्ज्ञ होता. त्यानं उठून तिच्या कानामागची डबी बघितली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"अम्मी, तुझ्या कागदांवर हमीदार म्हणून माझी सही आहे. वीस तारखेला तुझी वार्षिक तपासणी आहे. तिथं हे दिसणार. ते सुबोध परत घालतील, आणि मला विचारतील की तुमच्या घरात हे झालं कसं."

तो बोलत होता आणि जुबेदा दचकून त्याच्याकडं बघत होती. शब्दांमुळं नव्हे, शब्द तर अर्धेच कळले. त्याचा आवाज फाटला होता. मधेच घशात काहीतरी अडकत होतं आणि तो ते गिळून पुढं बोलत होता. चिडलेला, थकलेला, घाबरलेला आवाज. असा कधीपासून झाला हा?

"तू आजारी आहेस?" तिनं विचारलं.

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाही. तुझा आवाज असा कधीपासून आहे?"

इम्तियाज पुन्हा ताटावर येऊन बसला. मग त्यानं सांगितलं, कारण ते त्याला कामामुळं ठाऊक होतं. दिवाळीच्या आवृत्तीपासून सुबोध नुसता गोंगाट गाळत नव्हता. बोलणाऱ्याच्या आवाजातली धार, कंप, चढलेला सूर, हेही तो ऐकणाऱ्याच्या मनःशांतीसाठी काढून टाकायचा. शब्द तेच ठेवायचा, आवाज निवांत करून द्यायचा. लोकांना ते इतकं आवडलं की धडधाकट कानांची माणसंही सुबोधची डबी लावू लागली होती. निम्मी सांगली आता ती लावून फिरायची. घराघरांतली भांडणं कमी झाली, असं कंपनीच्या जाहिरातीत यायचं.

"म्हणजे तू सहा महिने ओरडत होतास," जुबेदा म्हणाली, "आणि मला वाटत होतं माझा मुलगा शांत झालाय."

"ओरडत नव्हतो. सांगत होतो. कामाचं फार होतंय, झोप लागत नाही, असं सांगत होतो. तू म्हणायचीस, ठीक आहे, जेव."

जुबेदाला हे आठवत होतं. अगदी हेच शब्द तिनं म्हटले होते. जवारी गेली होती तेव्हा तिला राग आला होता; आता मात्र तिच्या अंगाचा भडका उडाला. यंत्रानं तिचं काम खोटं पाडलं होतं ते एक झालं, पण तिच्या पोटच्या पोराचं रडणंसुद्धा त्यानं पंख्यासारखं गाळून टाकलं होतं. तिनं इम्तियाजचा हात धरला आणि सांगितलं की वीस तारखेला ती येईल, पण सुबोध परत घालू देणार नाही. तुझी नोकरी जाईल का, असं तिनं सरळ विचारलं. माहीत नाही, असं त्यानंही सरळ सांगितलं.

वीस तारखेला सांगलीच्या केंद्रात रणवरे नावाचे अधिकारी बसले होते. गोरेगोमटे, टापटीप, बोलायला गोड. शेजारी यंत्रापाशी इम्तियाज उभा होता, कारण प्रणाली घालायची कळ त्यालाच दाबायची होती.

"तुमच्या कानात परकी प्रणाली सापडलीय, मावशी," रणवरे म्हणाले. "घाबरू नका. आज आपण सुबोध परत घालून टाकू. पाच मिनिटांचं काम."

"मला सुबोध नको," जुबेदा म्हणाली.

"नको कसं? घ्या की."

"नको म्हणते मी! हा कान माझ्या डोक्यात हाय, तुमच्या कपाटात न्हाई. त्यात काय ऱ्हाणार ते मी ठरवणार. माझं काम बुडवलंसा, माझ्या पोराचा आवाज चोरलासा, आणि वर मलाच सांगताय घ्या म्हून?"

ती इतक्या जोरात बोलली की काचेपलीकडं रांगेत बसलेले दोघेतिघे वळून बघायला लागले. रणवरे प्रसन्न हसले. "किती समजुतीनं बोलता तुम्ही. नाहीतर लोक इथं येऊन आरडाओरडा करतात."

जुबेदा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिला त्यांच्या कानामागची चंदेरी डबी दिसली.

आता काय झालं होतं ते तिला कळलं. शब्द सगळे त्यांच्यापर्यंत पोचत होते, पण तिचा संताप वाटेतच गळत होता. आणि मऊ आवाजातलं नको म्हणजे आपल्याकडं पंगतीतलं नको. वाढणारा त्याला आग्रहाचं आमंत्रण समजतो आणि आणखी वाढतो. रणवरे त्याच भावानं तिला वाढायला निघाले होते. टेबलावरच्या पडद्यावर यंत्रानं नोंदही करून टाकली: 'ग्राहकाचा प्रतिसाद सौम्य व सकारात्मक.'

"सर, अम्मी चिडल्यात," इम्तियाज म्हणाला.

"छे रे, मला तर तसं काही वाटलं नाही. घे, सुरू कर."

इम्तियाजनं कळीवर बोट ठेवलं नाही. जुबेदा आणखी ओरडली असती तर आणखी गोड ऐकू आली असती. तिनं ओरडणं थांबवलं.

"इम्तियाज," ती म्हणाली, "सेवा नाकारायचा कागद असतो का?"

"असतो. फॉर्म चौदा. कुणी मागत नाही."

"दे."

त्यानं रणवरेंकडं न बघता कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून पिवळट पडलेला कागद काढला. जुबेदानं चष्मा लावला आणि तो सावकाश वाचला. सेवा कायमची बंद. सुटे भाग मिळणार नाहीत. दिवे गेल्यावर नवे बसवून मिळणार नाहीत. म्हणजे आणखी सहा-सात वर्षांनी पुन्हा ते बहिरेपण, आणि या खेपेला कायमचं. पापण्या मिटून तिनं ते एकदा डोळ्यांसमोर आणलं. भीती वाटली, नाही असं नाही. मग तिनं पेन उचललं.

कारणासाठी तीन ओळी सोडल्या होत्या. तिनं दाबून, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं: 'मला सुबोध नको. मी रागानं लिहीत आहे. माझ्या कानाला यापुढं कुणी हात लावायचा नाही.' खाली पूर्ण नावानिशी सही केली आणि कागद रणवरेंसमोर सरकवला.

रणवरेंनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. लिहिलेलं अक्षर सुबोधच्या हातचं नव्हतं, त्यामुळं त्याला काही करता आलं नाही. दाबलेल्या रेघा, ठसठशीत राग, सगळं जसंच्या तसं त्यांच्यासमोर पडलं होतं. त्यांचं हसू गेलं आणि पहिल्यांदाच त्यांनी जुबेदाकडं नीट बघितलं.

"तुम्ही... एवढ्या चिडला आहात?"

"मघापासनं," जुबेदा म्हणाली.

रणवरेंनी कागद उलटसुलट केला. काहीतरी पळवाट सापडल्यासारखं त्यांनी खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. "साक्षीदाराची सही लागेल. आणि साक्षीदार कंपनीचा कर्मचारीच हवा, असा नियम आहे. इथला कुठला कर्मचारी याच्यावर सही करेल?"

"मी करतो," इम्तियाज म्हणाला.

त्याचा आवाज कापत होता. रणवरेंना तो अगदी सहज वाटला असणार. जुबेदानं तो कापताना ऐकला, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकला, आणि पेन त्याच्यापुढं धरलं.